ब्रेस कपाटात, आणि पाऊल अजून अडखळतेच

एका वाचक शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४६ वर्षे. त्या लिहितात: "पाच महिन्यांपूर्वी माझ्या कमरेच्या मणक्यातील चकतीची शस्त्रक्रिया झाली. कळ गेली, पण उजवे पाऊल वर उचलता येत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पायाचा साचा घेऊन प्लास्टिकचा ब्रेस करून घेतला. तो टाचेपासून पोटरीपर्यंत येतो आणि घोट्यात अजिबात वाकत नाही. तीन आठवडे घातला. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लाल वण उठतो, तो संध्याकाळपर्यंत जात नाही. जिना उतरताना कुणी मागून गुडघा ढकलल्यासारखे होते. घरचे म्हणतात, अशा कुबडीची सवय लागली तर पाय कायमचा आळशी होईल. म्हणून दोन महिने ब्रेस कपाटात ठेवला आहे. गेल्या आठवड्यात पायपुसण्यात चवडा अडकून पडले, सुदैवाने मोडतोड झाली नाही. भाच्याकडे घोटा मुरगळला तेव्हाचा इलॅस्टिकचा अँकलेट आहे, त्यावर भागेल का? ब्रेस जन्मभर घालावा लागेल का? आणि गाडी कधी चालवता येईल?"

सस्नेह नमस्कार.

पायपुसण्यात चवडा अडकल्याचे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने तुमचे सगळे पत्र त्या एका वाक्याभोवती फिरते. आपण सपाट जमिनीवर चालतो तेव्हा पुढे येणाऱ्या पायाचा चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वरून जातो. एवढ्याशा अंतराचा हिशेब शरीर रोज हजारो वेळा न चुकता सांभाळत असते, म्हणून तो आपल्या लक्षातही येत नाही. हे अंतर राखण्याचे काम मुख्यतः नडगीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूचे असते आणि त्याला हुकूम पोचवणारे तंतू कमरेतील पाचव्या मणक्याच्या नसेतून येतात. तुमची तीच नस चकतीखाली दबली असावी, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. पाऊल लोंबते राहिले की पायपुसण्याची कड, उंबरठा, गालिचाचा दुमडलेला कोपरा, अशी कालपर्यंत खिजगणतीत नसलेली प्रत्येक गोष्ट अडथळा होऊन बसते. तेव्हा ब्रेस पुन्हा पायात जायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो आहे तसाच नव्हे, दुरुस्त होऊन जायला हवा, कारण तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींवर बहुधा उपाय आहे.

प्रथम 'आळशी पाया'विषयी लिहितो, कारण ब्रेस कपाटात गेला तो या एका शब्दामुळे. घरच्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांचे म्हणणे निराधारही नाही. ते फक्त तुमच्या पायाला लागू पडत नाही. ज्या स्नायूपर्यंत हुकूमच पोचत नाही, तो कामचुकार नसतो, त्याचा संपर्क तुटलेला असतो. ब्रेस न घालता पाय फरफटत चालल्याने त्या स्नायूला व्यायाम मिळत नाही. उलट चवडा अडकू नये म्हणून शरीर आडवाटा शोधते. गुडघा पायरी चढताना उचलावा तसा उंच उचलला जातो, कंबर एका अंगाला झुकते, पाय बाहेरून गोल फिरवून पुढे टाकला जातो. काही महिन्यांत हीच चाल अंगवळणी पडते आणि नस पूर्ववत झाली तरी मोडता मोडत नाही. पक्षाघातानंतर असा ब्रेस घालणाऱ्या रुग्णांच्या याच स्नायूचे काम काही महिन्यांच्या अंतराने मोजून पाहिलेले आहे, आणि ब्रेसमुळे ते घटल्याचे त्यात दिसले नाही. तुमचे दुखणे त्याहून वेगळे असले तरी 'ब्रेस घातला की स्नायू संपला' हे समीकरण किती ठिसूळ आहे, ते यावरून समजावे.

घरच्यांचे म्हणणे ज्या पायाला अधिक लागू पडते तो तुमच्या भाच्याचा. घोटा मुरगळतो तेव्हा नस आणि स्नायू शाबूत असतात. ताणला किंवा फाटला जातो तो बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा, विशेषतः पुढचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा चिवट बंध, लिगामेंट). अशा घोट्याला पट्टा किंवा लेसने आवळायचा ब्रेस बांधला की तो पुन्हा आत वळण्याला अटकाव होतो, आणि एकदा मुरगळलेला घोटा खेळताना पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण अशा ब्रेसने कमी होते, हे चांगले सिद्ध झालेले आहे. परंतु तिथे पट्ट्यावरच विसंबून एका पायावर तोल सांभाळण्याचे आणि पोटरीच्या बळाचे व्यायाम टाळले, तर घोटा खरोखरच पट्ट्याचा मिंधा होऊन बसतो. सारांश, 'घोट्याचा ब्रेस' या एकाच नावाखाली वेगवेगळी कामे करणारी साधने विकली जातात. भाच्याचा अँकलेट घोट्याला चेपून धरतो, सूज थोडी आवरतो आणि सांध्याला आपण कुठे आहोत याची जाणीव देतो. पाऊल वर उचलून धरणे त्याच्या आवाक्यातले नाही. तो तुम्हाला उपयोगाचा नाही. भाच्याकडेच राहू द्यावा.

आता लाल वणाकडे वळू, कारण मुख्य दुरुस्ती तिथे आहे. ब्रेस काढल्यावर त्वचेवर थोडी लाली दिसणे स्वाभाविक आहे. मोज्याच्या इलॅस्टिकचीही उमटते. ब्रेस काढला की घड्याळ बघावे. वीस मिनिटे ते अर्ध्या तासात लाली विरली तर काळजीचे कारण नाही. त्याहून अधिक टिकली तर त्या जागी दाब जास्त पडतो आहे, आणि संध्याकाळपर्यंत टिकली तर ब्रेस त्या अवस्थेत घालू नये. हा नियम तुम्ही इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळायला हवा, कारण या नसेच्या दुखण्यात पोटरीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू पुष्कळदा बधिर असते. दाब पडून कातडी सोलवटली तरी दुखत नाही. म्हणून रोज ब्रेस काढल्यावर डोळ्यांनी पाहावे: घोट्याचे दोन्ही उंचवटे, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचे हाड, आतल्या बाजूचा कमानीजवळचा उंचवटा, टाच, आणि तळवा दिसत नसेल तर आरसा धरून तळवाही. फोड आला, कातडी फुटली किंवा पाणी येऊ लागले, तर दुरुस्ती होईपर्यंत ब्रेस बंद ठेवावा. मधुमेह असलेल्या वाचकांनी तर या तपासणीत एकही दिवस खंड पाडू नये.

वण बाहेरच्या उंचवट्यावर आहे म्हणजे ब्रेस तिथेच चुकला आहे, असे मात्र धरून चालू नका. माझा पहिला संशय टाचेवर आहे. टाच ब्रेसच्या तळाला आणि मागच्या भिंतीला नीट टेकली नाही, तर सबंध पाऊल आत किंचित वर राहते, प्लास्टिकमध्ये हाडासाठी मुद्दाम सोडलेली पोकळी हाडाच्या खाली जाते आणि पोकळीची कड हाडावर घासत राहते. म्हणून ब्रेस उभ्याने चढवू नये. खुर्चीवर बसून, गुडघा काटकोनाहून थोडा अधिक वाकवून, आधी टाच मागे सारून खाली दाबावी, मग घोट्यासमोरचा पट्टा आवळावा आणि पोटरीचा पट्टा सर्वांत शेवटी लावावा. पुष्कळ जण हाताला पहिला येतो म्हणून पोटरीचा पट्टा आधी लावतात आणि टाच अधांतरी राहते. मोजा ब्रेसच्या वरच्या कडेपेक्षा उंच, घाम शोषणारा आणि शक्यतो शिवण नसलेला असावा. त्याची एक चुणी जरी राहिली तरी दिवसभरात तिचा वळ उमटतो.

दुसरा संशयित बूट आहे. तुम्ही बुटाचा उल्लेखच केलेला नाही, आणि हा ब्रेस बुटाशिवाय अपुरा आहे. नेहमीच्या मापाच्या बुटात ब्रेस कोंबला की बुटाच्या भिंती प्लास्टिकला आत दाबतात आणि तो दाब थेट घोट्यावर येतो. आतली सुटी इनसोल काढता येईल, तोंड चवड्यापर्यंत उघडेल आणि लेस किंवा वेल्क्रोने बांधता येईल असा रुंद, खोल बूट घ्यावा. अर्धे ते एक माप मोठा लागतो. दुसऱ्या पायातील इनसोल राहू द्यावी, म्हणजे दोन्ही पायांच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. टाचेची उंची मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रेस एका ठरावीक उंचीच्या टाचेसाठी बेतलेला असतो. त्याहून उंच टाचेचा बूट घातला तर नडगी पुढे कलते आणि गुडघा दुमडतो. सपाट चप्पल घातली तर नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघा मागे ताणला जातो. नुसता ब्रेस घालून फरशीवर चालू नये; तळाचे प्लास्टिक गुळगुळीत असते आणि ओल्या फरशीवर तर सटकतेच.

तुमच्या जिन्याच्या तक्रारीचे मूळही इथेच सापडते. न वाकणाऱ्या ब्रेसमध्ये टाच टेकली की पाऊल हळूहळू खाली येण्याऐवजी सगळी नडगी एकदम पुढे येते आणि गुडघा ढकलल्यासारखा वाटतो. जिना किंवा उतार उतरताना तर ते अधिकच जाणवते. मांडीचा पुढचा स्नायू सशक्त असेल तर हे सांभाळता येते. परंतु मुळात तुम्हाला इतका ताठ ब्रेस हवा का, हा प्रश्न तुम्ही ऑर्थोटिस्टला, म्हणजे ब्रेस बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाला, जरूर विचारावा. घोट्याचे दोन्ही उंचवटे झाकून पुढे येणारा ताठ ब्रेस घोटा दोन्ही अंगांना डळमळत असेल, स्नायू आखडून पाऊल आत ओढले जात असेल किंवा सांधा झिजून हालचालीने दुखत असेल, तेव्हा कामाचा. फक्त पाऊल लोंबत असेल आणि बाजूचा तोल ठीक असेल, तर टाचेमागे अरुंद होत जाणारी प्लास्टिकची पाती असलेला ब्रेस पुष्कळदा पुरतो. टाच टेकताना ती पाती थोडी वाकते आणि पाय उचलताना परत उसळून पाऊल वर धरते. ताठ ब्रेसच्या कडा घोट्यामागे कापून तो काही अंशी लवचीक करता येतो. पण कापलेले प्लास्टिक परत जोडता येत नाही, म्हणून जाणता ऑर्थोटिस्ट एकेक मिलिमीटर कापतो आणि प्रत्येक वेळी तुम्हाला चालायला लावतो. एकाच भेटीत घाईने सारे कापून देणाऱ्याच्या हाती आपला ब्रेस देऊ नये, असे मला वाटते. घोट्याशी बिजागरी असलेला ब्रेस हा तिसरा पर्याय. मात्र पोटरी आखडलेली असेल तर बिजागरीचा फायदा होत नाही, कारण घोटा वाकायलाच तयार नसतो.

कार्बन फायबरच्या ब्रेसविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण कुणी ना कुणी सुचवेलच. तो हलका, पातळ आणि स्प्रिंगसारखा असतो, आणि बरेच चालणाऱ्याला आवडतो. मात्र पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या ब्रेसला गरम हवा देऊन एखादी जागा बाहेर फुगवता येते, ती सोय कार्बनमध्ये नाही. सुजेमुळे माप बदलत असेल किंवा कातडी बधिर असेल, अशा पायासाठी निदान सुरुवातीला प्लास्टिकच सोयीचे. तुमच्या पायाचा रोजचा लाल वण मिटेपर्यंत तरी कार्बनचा विचार बाजूला ठेवावा.

दुरुस्त ब्रेस हातात आला की पहिल्या दिवशी तासभर घालावा, काढून कातडी पाहावी, आणि लाली वेळेत विरत असेल तर रोज तासाभराने वाढवत नेऊन एक-दोन आठवड्यांत दिवसभरावर यावे. कपाटात पडून असलेला ब्रेस एकदम शाळेच्या पूर्ण दिवसासाठी चढवू नका. संध्याकाळी पायाला सूज येत असेल तर तेही सांगावे, कारण सकाळी नीट बसणारा ब्रेस सायंकाळी आवळतो. ब्रेस कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसावा, सावलीत वाळवावा. उन्हात उभ्या गाडीत ठेवला किंवा ड्रायरने वाळवला तर प्लास्टिक मऊ पडून आकार बदलू शकतो. वेल्क्रोत अडकलेले धागे वरचेवर काढावेत, नाहीतर पट्टा ऐन वेळी सुटतो.

ब्रेस एक गोष्ट मात्र करत नाही: ताठ प्लास्टिकमध्ये दिवसभर स्थिर राहिलेली पोटरी तो हवी तेवढी लांब ठेवत नाही. पाऊल वर उचलणारे स्नायू कमजोर असताना पोटरीला विरोध करायला कुणी उरत नाही. ती आखडत जाते आणि शेवटी पाऊल हाताने वर करू पाहिले तरी येत नाही. तेव्हा टाचही ब्रेसमध्ये बसत नाही आणि वण पुन्हा सुरू होतात. म्हणून ब्रेस काढल्यावर रोज भिंतीला हात टेकवून, उजवा पाय मागे ठेवून, टाच जमिनीवरून न उचलता पुढे झुकावे. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत. प्रत्येक ताण सुमारे तीस सेकंदांचा, तीन-चार वेळा. पाऊल वर उचलण्याचा प्रयत्न तर, काही हलताना दिसो वा न दिसो, रोज मन लावून करावा. याच नसेतून कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूलाही पुरवठा होतो. एका पायावर उभे राहिल्यावर कंबर दुसऱ्या बाजूला खाली जात असेल तर त्याचा व्यायाम वेगळा करावा लागेल, आणि त्याला ब्रेस काहीच करू शकत नाही. फिजिओथेरपिस्टला तेवढे तपासायला सांगा.

जन्मभर का, याचे उत्तर पाच महिन्यांवर देणे घाईचे होईल. दबलेल्या नसेतले काही तंतू नुसते बंद पडलेले असतात, ते दाब गेल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जागे होतात. खरोखर तुटलेले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला तीन सेंटीमीटर, आणि कमरेपासून नडगीचे अंतर पाहता तो प्रवास फार लांबचा. शाबूत राहिलेले तंतू मात्र फाटे फोडून शेजारच्या स्नायूतंतूंना सामावून घेतात, म्हणून पहिल्या वर्षभरात आणि पुढेही काही काळ सुधारणा होत राहते. पाय लोंबता ठेवून बसल्यावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाऊल पूर्ण उचलता येऊ लागले आणि तसे वीसेक वेळा करूनही थकले नाही, की ओळखीच्या सपाट जागेत ब्रेसशिवाय थोडे चालून पाहण्याची वेळ आली असे समजावे. लांबचे अंतर, गर्दी आणि अंधार यांसाठी ब्रेस तरीही काही काळ राहील, कारण दमलेले पाऊलच आधी लोंबते. वर्ष उलटूनही हालचाल आली नाही, तर नसेच्या विद्युत चाचण्या आणि पावलाचा स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुसरीकडे वळवण्याची शस्त्रक्रिया यांविषयी शल्यविशारदाशी बोलता येते. मात्र तुमच्या दुखण्यात वळवायचा स्नायूही त्याच नसेवर चालत असू शकतो, म्हणून तो आधी नीट तपासला जायला हवा.

गाडीविषयी थेट लिहितो. ब्रेस उजव्या पायात असताना, आणि पाऊल लोंबत असताना ब्रेसशिवायही, गाडी चालवू नका. ताठ ब्रेसमध्ये पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नेण्यास आणि ब्रेक दाबण्यास वेळ अधिक लागतो, हे चाचण्यांत दिसलेले आहे, आणि लोंबते पाऊल पेडलखाली अडकते. डॉक्टरांनी पाहून परवानगी दिल्याशिवाय, किंवा गाडीत हाताने चालवण्याची सोय करून घेतल्याशिवाय, हा विषय पुढे न्यायचा नाही.

काही लक्षणे भेटीची वाट पाहण्यासारखी नाहीत. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, दुसऱ्या पायातही अशक्तपणा येणे किंवा आहे त्या पायातला तो एकाएकी वाढणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. एका पोटरीत सूज, ऊब आणि दुखणे एकदम आले, तरीही तसेच.

ऑर्थोटिस्टकडे जाताना रोजच्या वापराचे दोन बूट आणि नेहमीचे मोजे बरोबर घ्या. तिथे पोचण्यापूर्वी तासभर ब्रेस घालून थोडे चाला, म्हणजे वण ताजा दिसेल. घोट्याच्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका देऊन, मोजा न घालता ब्रेस क्षणभर बंद करून उघडायला सांगा. ठिपका आतल्या बाजूला उमटतो आणि दाब नेमका कुठे आहे ते दोघांनाही दिसते. अनुभवी ऑर्थोटिस्ट हे बहुधा न सांगताच करेल. तेवढी जागा गरम करून बाहेर फुगवली, टाच नीट बसते का हे पाहिले आणि बूट बदलला, तर पुष्कळदा त्याच भेटीत वणाचा प्रश्न सुटतो. जिन्याची तक्रार मात्र त्याला नुसती सांगू नका. तिथल्या चार पायऱ्या त्याच्या डोळ्यांदेखत उतरून दाखवा.

तोवर दारातले पायपुसणे गुंडाळून ठेवा.